माचू पिक्चू : दैवत आणि दौलत

पेरू देशात, कुस्को या इंकांच्या जुन्या राजधानीच्या वायव्येस सुमारे ८० किलोमीटरांवर, दोन शिखरांना जोडणाऱ्या एका अरुंद धारेवर, तीन बाजूंनी उरुबांबा नदीचा खोल वेढा असलेले जे पाषाणनगर उभे आहे, त्याच्या स्वरूपाविषयी गेली शंभराहून अधिक वर्षे विद्वानांत वाद चालू आहे. माचू पिक्चू हे सम्राटाच्या खासगीतले विश्रामस्थान होते असे एक पक्ष सांगतो. ते देवतांच्या उपासनेसाठी निर्मिलेले पवित्र क्षेत्र होते असे दुसरा पक्ष सांगतो. आणि दोन्ही पक्षांजवळ पुरावा आहे. माझे मत असे की, हे दोन पक्ष परस्परविरोधी मानणे हीच मूळची चूक होय, कारण ज्या लोकांनी हे नगर बांधले त्यांच्या लेखी राजसत्ता आणि देवसत्ता यांची दप्तरे कधीच वेगळी नव्हती. ही चूक केवळ ग्रंथांत राहिली असती तर तिच्याविषयी वृत्तपत्रात लिहिण्याचे प्रयोजन नव्हते. परंतु आज त्या स्थळी रोज किती माणसे सोडावीत, कोणाच्या हुकुमाने सोडावीत आणि त्यातून कोणाचा लाभ व्हावा, याचे जे निर्णय होतात त्यांच्या मुळाशी तीच आहे, म्हणून हा विषय मांडावयाचा.

येल विद्यापीठाचे अध्यापक हिरम बिंगहॅम २४ जुलै १९११ रोजी या धारेवर चढले आणि पुढे 'शोधक' म्हणून जगविख्यात झाले. त्यांना वाट दाखविणारा मेल्चोर आर्तेआगा हा नदीकाठचा शेतकरी होता. वर रिचार्ते आणि आल्व्हारेस ही कुटुंबे इंकांनीच बांधलेल्या पायऱ्यापायऱ्यांच्या शेतांत मका आणि बटाटे पिकवीत होती. त्या वस्तीतल्या एका लहान मुलाने पाहुण्याला झाडीत बुडालेल्या भिंतींमधून फिरविले. आणि त्याच खोऱ्यातल्या आगुस्तीन लिसारागा याने तीन खिडक्यांच्या मंदिराच्या भिंतीवर कोळशाने लिहिलेले आपले नाव आणि १९०२ हे साल बिंगहॅम यांच्या दृष्टीस पडले. तेव्हा हे नगर हरवले होते असे म्हणण्यात फारसा अर्थ नाही. ते ज्यांना ठाऊक होते त्यांच्या ठाऊक असण्याला जगाच्या लेखी किंमत नव्हती, इतकेच खरे.

बिंगहॅम यांचे परिश्रम नाकारण्याचे कारण नाही, परंतु त्यांनी केलेले तिन्ही मोठे तर्क पुढे ढासळले. इंका वंशाचे मूळपुरुष ज्या गुहाद्वारांतून बाहेर आले अशी आख्यायिका आहे, ते ताम्पू तोक्को म्हणजे हेच स्थान, असे त्यांनी ठरविले. स्पॅनिश आक्रमणानंतर इंका राजांनी जिथे आश्रय घेतला ते विल्काबांबाही हेच, असे ते आग्रहाने मांडीत राहिले, वस्तुतः ते विल्काबांबा एस्पिरितू पाम्पाच्या अरण्यात निघाले, जिथे स्वतः बिंगहॅम त्याच वर्षी जाऊन आले होते. आणि तिसरा तर्क असा की, हे सूर्यदेवाला वाहिलेल्या कुमारिकांचे निवासस्थान होते. या तिसऱ्याला आधार होता जॉर्ज ईटन यांच्या अस्थिपरीक्षेचा, जिच्यात बहुतेक सांगाडे स्त्रियांचे ठरविले गेले होते. जॉन व्हेरानो यांनी त्याच अस्थी पुन्हा तपासल्या तेव्हा स्त्रीपुरुषांचे प्रमाण जवळजवळ सारखे निघाले, आणि त्यांत मुलांचेही अवशेष होते. कुमारिकांचे ते काव्यमय नगर तिथेच संपले.

त्याच्या जागी जे आले ते दप्तरांतून आले. जॉन रो या इतिहासकाराने १५६८ सालचा एक कागद उजेडात आणला, ज्यात पिक्चूच्या परिसरातील जमिनी इंका युपांकी म्हणजेच सम्राट पाचाकुती याच्या होत्या अशी नोंद आहे. रिचर्ड बर्गर आणि लुसी सालाझार यांनी उत्खननातील वस्तूंच्या आधारे हे मत पक्के केले. कुस्को समुद्रसपाटीपासून ३,४०० मीटरांवर, आणि माचू पिक्चू २,४३० मीटरांवर. म्हणजे जगाच्या दृष्टीने डोंगरमाथ्यावरचे हे नगर राजधानीच्या मानाने जवळजवळ हजार मीटर खाली, उबदार आणि हिरव्या प्रदेशात आहे. कुस्कोच्या कडाक्याच्या थंडीतून सम्राट आपल्या परिवारासह काही काळ येथे येऊन राहत असावा, शिकार, मेजवान्या आणि परराज्यांतील मुत्सद्द्यांचा सत्कार येथे होत असावा, हे अनुमान सयुक्तिक आहे. नगराचा काळही आता अधिक नेमका झाला आहे. बखरींच्या आधारे बांधकाम १४५० च्या आसपासचे मानले जात असे. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या किरणोत्सारी कार्बनच्या परीक्षणावरून माणसे येथे १४२० च्या सुमारास राहू लागली होती आणि १५३० पर्यंत राहत होती असे दिसते. जी मंडळी स्पॅनिश बखरींतील सनावळी अक्षरशः मानीत आली, त्यांना यापुढे पाचाकुतीचा राज्यारोहणकाल मागे न्यावा लागेल.

येथपर्यंत सर्व ठीक आहे. परंतु 'जहागीर' हा शब्द एकदा उच्चारला की, आधुनिक वाचकाच्या मनात सुट्टीतल्या बंगल्याचे चित्र उभे राहते, आणि तिथेच विचार भरकटतो. इंका राजाची खासगी म्हणजे काय, हे समजण्यासाठी त्या राज्यातील एक विलक्षण वहिवाट ध्यानात घेतली पाहिजे. राजा निवर्तला म्हणजे नव्या राजाला राज्य मिळे, सेना मिळे, अधिकार मिळे. मृत राजाची मालमत्ता मात्र त्याला मिळत नसे. तिची मालकी मृत राजाकडेच राही. त्याचा देह टिकवून ठेवला जाई, त्याला वस्त्रे आणि नैवेद्य अर्पण होई, उत्सवाच्या दिवशी त्याला कुस्कोच्या चौकात मिरवीत आणून बसवीत, आणि त्याच्या वंशजांचे मंडळ, ज्याला पानाका म्हणत, त्याच्या नावाने जमिनींचा कारभार पाही. आपल्याकडे मंदिरातील मूर्ती ही कायद्याने मालमत्तेची धनी असते, देवस्थान इनामाच्या जमिनी देवाच्या नावे असतात आणि पुजारी वा विश्वस्त त्यांचा केवळ वहिवाटदार असतो, हे ज्याला ठाऊक आहे त्याला ही व्यवस्था समजावून सांगण्याची गरज नाही. पाचाकुतीच्या मृत्यूनंतर माचू पिक्चू हे एका देहधारी दैवताचे इनाम झाले. पोलो दे ओन्देगार्दो या स्पॅनिश अधिकाऱ्याने १५५९ मध्ये जे राजदेह हुडकून जप्त केले त्यांत पाचाकुतीचाही होता. एका साम्राज्याचे दप्तर बुडवायचे तर आधी त्याचे दैवत जप्त करावे लागते, हे त्या कारभाऱ्याने नेमके ओळखले होते.

आणि सम्राट जिवंत असतानाही तो सूर्याचा पुत्र होता. कुस्कोतील कोरिकांचा या सूर्यमंदिरापासून चाळीसांहून अधिक कल्पित रेषा चहूकडे जात आणि त्या रेषांवर तीनशेहून अधिक हुआका, म्हणजे पवित्र स्थाने, गुंफलेली होती: झरे, खडक, शेते, खिंडी, डोंगरमाथे. प्रत्येक रेषेची सेवा एकेका कुळाकडे वा समूहाकडे नेमून दिलेली होती. बेर्नाबे कोबो या धर्मोपदेशकाने सतराव्या शतकात या स्थानांची यादी देऊन ठेवली आहे. ती वाचताना हे महसुलाचे पत्रक आहे की तीर्थमाहात्म्य आहे, हे सांगता येत नाही, कारण ती एकाच वेळी दोन्ही आहे. पाण्याचा हक्क, जमिनीची हद्द, वर्षाचे पंचांग आणि देवाची सेवा ही सारी एकाच सूत्रात बांधणारी ही बुद्धी जेव्हा एखादे नगर वसवील, तेव्हा त्यातले मंदिर कोणते आणि राजवाडा कोणता, असे विचारणे त्या बुद्धीला परकेच वाटेल.

योहान राईनहार्ड या मानववंशशास्त्रज्ञाने हे प्रथम नीट पाहिले, कारण तो स्वतः गिर्यारोहक होता आणि नगराकडे त्याने ग्रंथालयातून नव्हे, तर शिखरांवरून पाहिले. दक्षिणेस साल्कांताय, सहा हजार दोनशे मीटरांहून उंच, आजही त्या प्रदेशातील सर्वांत सामर्थ्यवान आपू, म्हणजे पर्वतदेव, पूर्वेस व्हेरोनिका, पश्चिमेस पुमासिल्योची रांग, उत्तरेस, नगराच्या अगदी उशाशी, हुआयना पिक्चूचा सुळका, आणि या साऱ्यांच्या मध्ये सापासारखी वळणारी ती पवित्र नदी. राईनहार्ड यांचा सिद्धान्त असा की, अशा स्थानी नगर वसविण्याचे कारण सृष्टीच्या या रचनेतच आहे. पर्वत पाणी देतात, पाणी मका देते, मका राज्य देतो. म्हणून पर्वतांना प्रसन्न ठेवणारा राजा हाच प्रजेचा पोशिंदा. या श्रद्धेला कठोर बाजूही होती, ती लपवून या लोकांचे गौरवगान करणे मला मान्य नाही. राईनहार्ड यांनाच १९९५ मध्ये आम्पातो शिखरावर एका मुलीचा आणि १९९९ मध्ये युयाइयाको ज्वालामुखीच्या माथ्यावर तीन मुलांचा गोठलेला देह सापडला. ती मुले पर्वतदेवांना अर्पण केलेली होती.

पर्वत आणि पाणी यांचा संबंध नगरात प्रत्यक्ष दगडात घडविलेला दिसतो, आणि मला स्वतःला माचू पिक्चूचे खरे माहात्म्य येथे वाटते. माचू पिक्चू पर्वताच्या उत्तर उतारावर एक बारमाही झरा आहे. तो गोळा करून ७४९ मीटर लांबीच्या दगडी पाटाने पाणी नगरात आणले आहे. उतार असा सौम्य ठेवला आहे की, पाणी ना साचते, ना फुटते. तेथून ते सोळा कुंडांतून पायरीपायरीने उतरते, आणि पहिले कुंड आहे राजनिवासाजवळ, सूर्यमंदिराच्या शेजारी: म्हणजे पर्वताचे निर्मळ पाणी प्रथम सूर्यपुत्राला, मग खालच्या लोकांना. केनेथ राईट या अमेरिकन जलअभियंत्याने वर्षानुवर्षे मापे घेऊन दाखविले की, या नगरातील बांधकामापैकी सुमारे साठ टक्के श्रम जमिनीखाली आहेत: पाया, भराव, पाझरनळ्या, मोठ्या चौकाखाली घातलेले खडीचे थर. वर्षाला सुमारे १,९०० मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या त्या उभ्या उतारावर पाच शतकांत भिंती ढळल्या नाहीत त्या याच अदृश्य कामामुळे. लोखंड नव्हते, चाक नव्हते, भार ओढायला बैल नव्हता. दगड दगडानेच ठोकून, घासून असे बसविले की, सांध्यांना चुना लागला नाही. शेतीच्या पायऱ्यांवरचे उत्पन्न नगराच्या वस्तीला, जी सातशेपन्नासच्या आसपास असावी, पुरणारे नव्हते असेही राईट यांचे गणित सांगते. धान्य बाहेरून येत होते. ज्या नगराला आपले पोट भरता येत नाही आणि तरी ज्यावर एवढे श्रम ओतले गेले, त्याचे प्रयोजन केवळ आराम हे असू शकत नाही.

सूर्यमंदिर हे नैसर्गिक खडकावर उभारलेले अर्धवर्तुळाकार बांधकाम आहे. त्याच्या एका खिडकीतून जून महिन्यातील अयनदिनी, म्हणजे दक्षिण गोलार्धातील सर्वांत लहान दिवशी, उगवत्या सूर्याचा किरण आतल्या खडकावर कोरलेल्या कडेला समांतर पडतो; खगोलज्ञ डेव्हिड डिअरबॉर्न आणि रे व्हाइट यांनी हे निरीक्षण नोंदविले आहे. त्याच खडकाखालच्या गुहेत पायऱ्या आणि कोनाडे घडविलेले आहेत, जिला बिंगहॅम यांनी राजसमाधी म्हटले. सर्वांत उंच टेकडीवरील इंतीहुआताना हा एकाच खडकातून कोरलेला स्तंभ लोक सौरघड्याळ म्हणून दाखवितात. मला राईनहार्ड यांची उपपत्ती अधिक पटते: हा स्तंभ हुआयना पिक्चूच्या आकृतीशी जुळतो, त्या शिखराच्या आणि साल्कांतायच्या मधोमध, उत्तर-दक्षिण रेषेवर उभा आहे, आणि म्हणून तो घड्याळापेक्षा पर्वताची प्रतिमा आहे. नगराच्या उत्तर टोकाचा 'पवित्र खडक' तर मागच्या डोंगराची बाह्यरेषाच धारण करतो. कारागिरांनी येथे खडक फोडून सपाट केला नाही. जिथे खडक देवासारखा दिसला तिथे तो राखला आणि भोवती भिंत बांधली.

या नगरात राहत कोण होते, याचे उत्तर कबरींनी दिले. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात तिथे पुरलेल्या चौतीस व्यक्तींचे परीक्षण झाले, आणि असे आढळले की, त्या साम्राज्याच्या दूरदूरच्या प्रांतांतून, अमेझॉनच्या अरण्यप्रदेशातूनही आलेल्या होत्या. एका माय-लेकीखेरीज त्यांच्यात जवळचे नाते जवळजवळ दिसले नाही. हे राजघराण्यातले लोक नव्हते. घरदार सोडून राजाच्या आणि देवाच्या सेवेला लावलेली, कुठल्या कुठल्या भाषा बोलणारी ही माणसे या धारेवर जगली आणि येथेच निमाली. ज्यांच्या हातांनी ते पाट वाहते राहिले त्यांची नावे कोणत्याही कागदात नाहीत, ही गोष्ट तिथल्या प्रत्येक माहितीफलकावर लिहिली जावी असे मला वाटते.

१५३३ मध्ये स्पॅनिश लोकांनी इंका सम्राट आताहुआल्पाचा वध केला, कोरिकांचाच्या भिंतींवर सान्तो दोमिंगोचा मठ उभा राहिला, १५७२ मध्ये कुस्कोच्या चौकात तुपाक आमारू या अखेरच्या राजाचे शिर उडविले गेले, आणि हुआकांचा उच्छेद करणे हे चर्चचे रीतसर काम झाले. माचू पिक्चूकडे त्यांचे पाऊल वळले नाही. सेवकांचे पोषण करणारी व्यवस्था मोडली तेव्हा नगर रिकामे झाले.

परंतु श्रद्धा रिकामी झाली नाही. आजही कुस्कोच्या आसपासचे क्वेचुआ शेतकरी पेय घेण्याआधी थेंबभर पाचामामेला, धरणीमातेला, वाहतात. कोकाची पाने हातात धरून आपूंची नावे घेतात. दरवर्षी हजारो यात्रेकरू सिनाकारा खोऱ्यात कोयुर रीतीच्या यात्रेला जातात. २०११ मध्ये युनेस्कोने तिची मानवजातीच्या अमूर्त वारशात नोंद केली. या यात्रेतील उकुकू वेषधारी सेवक हिमनदीतून बर्फाचे ठोकळे खोदून गावी नेत असत, ते बर्फ तीर्थासारखे वाटले जाई. हिमनदी आटू लागलेली पाहून त्यांनी स्वतःच ती चाल बंद केली. देवाचा अंश घरी नेण्याचा हक्क देवासाठी सोडून देणारे हे लोक आहेत. पर्वताच्या हिताहिताविषयी त्यांचे मत कोणी विचारीत नसेल, तर विचारले पाहिजे.

आता कारभाराकडे वळू. १९८३ मध्ये युनेस्कोने माचू पिक्चूला निसर्ग आणि संस्कृती या दोन्ही कसोट्यांवर जागतिक वारसा ठरविले. म्हणजे पर्वत आणि नगर एकच आहेत, हे तत्त्वतः मान्य झाले. व्यवहारात मात्र तिकिटाचा हिशेब चालतो. २०११ साली दिवसाला २,५०० माणसांची मर्यादा घालण्यात आली होती. २०२४ पासून ती ४,५०० झाली आणि ठरावीक दिवसांना ५,६०० पर्यंत नेण्यात आली. सप्टेंबर २००० मध्ये बिअरच्या एका जाहिरातीचे चित्रीकरण इंतीहुआतानाच्या अगदी अंगाशी करू देण्यात आले, यंत्राची क्रेन त्या स्तंभावर पडली आणि त्याचा कोपरा उडाला. पाच शतके ज्याला इजा झाली नव्हती त्याला ती एका मद्याच्या विक्रीसाठी झाली. जे स्थान केवळ जुन्या राजाची सुट्टीची हवेली आहे, तिथे जाहिरात काढण्यात अनुचित काय, असा त्यामागचा हिशेब असणार. आणि म्हणूनच वर मांडलेला वाद मला पंडितांच्या करमणुकीचा वाटत नाही.

कुस्कोजवळच्या चिंचेरो येथील विमानतळाचे प्रकरण तर याहून गंभीर आहे. चिंचेरोच्या पठारावर पाचाकुतीच्या पुत्राची, तुपाक इंका युपांकीची, जहागीर होती. त्याच्या पायऱ्यांची शेते आणि भिंती तिथे आजही उभ्या आहेत. तिथेच आंतरराष्ट्रीय विमानतळाचे मातीकाम २०१९ पासून सुरू झाले, आणि पुरातत्त्वज्ञ, इतिहासकार व स्थानिक लोक यांच्यापैकी अनेकांनी त्याला जाहीर विरोध केला. पर्यटनावर जगणाऱ्या कुटुंबांना विमानतळ हवा आहे, हेही मी विसरत नाही. हमालाच्या, वाटाड्याच्या, खानावळवाल्याच्या पोटावर पाय देणारे जतन टिकत नाही. जानेवारी २०२४ मध्ये तिकीटविक्री खासगी कंपनीकडे सोपविल्याच्या निषेधार्थ तिथल्या रहिवाशांनी संप केला आणि गाड्या अडविल्या, तो याच पोटाच्या प्रश्नातून. पण त्यांचे म्हणणे नीट ऐकले तर ते अधिक गर्दी मागत नव्हते. स्थळाच्या उत्पन्नावर आपला हक्क मागत होते. दोन्ही गोष्टी एकत्र साधता येतात. दैनिक मर्यादा २,५०० वर परत आणावी, तिकिटाच्या उत्पन्नाचा ठरलेला भाग खोऱ्यातील क्वेचुआ ग्रामसमूहांना कायद्याने द्यावा, आणि स्थळाच्या व्यवस्थापनात त्यांच्या ज्येष्ठांना मताचा अधिकार असावा. येल विद्यापीठाने बिंगहॅम यांनी नेलेल्या वस्तू शंभर वर्षांनी, २०१० च्या करारानुसार, परत केल्या आणि त्या कुस्कोतील विद्यापीठाच्या ताब्यात आल्या. जे दूरच्या विद्यापीठाला जमले ते पेरूच्या सरकारला जमू नये असे काही नाही.

मुंबई-पुण्याहून पेरूला जाणाऱ्यांची संख्या वाढते आहे, त्यांना माझी कळकळीची विनंती आहे. माचू पिक्चू एका सकाळीत आटोपून परत फिरू नका. आधी कुस्कोत कासा कोंचा संग्रहालयात त्या परत आलेल्या वस्तू पाहा, आणि वर गेल्यावर स्थानिक क्वेचुआ वाटाड्याबरोबर सोळाही कुंडांचे पाणी वरून खाली पाहत या. इंतीहुआतानाला हात लावू नका, आणि ढग निवळले असतील तर दक्षिणेकडे तोंड करून साल्कांतायचे दर्शन घ्यायला विसरू नका, कारण हे नगर त्याच्यासाठी बांधले होते.